शेजारी कोण उभे आहे, त्यावर गाडीचे वय ठरते : मोटार-बांधणीचे खेळ रचणाऱ्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मोटार बांधण्याचे संगणकीय खेळ तयार करणारे सर्व रचनाकार आणि प्रोग्रामर

विषय : खेळातील गाड्यांची बॉडी काळानुसार जुनी ठरवण्याच्या नियमाबाबत

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलेले हे काम मी बावीस वर्षे करीत आहे, त्यामुळे गाडीचे इंजिन मला जेवढे कळते त्यापेक्षा तिचा पत्रा जास्त कळतो. तुमच्या खेळांशी माझी ओळख पुतण्यामुळे झाली. तो बारावीला आहे, संध्याकाळी गॅरेजमध्ये येतो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून आपली मोटार कंपनी चालवतो. १९४६ साली छोटासा कारखाना घेऊन सुरुवात करायची, बॉडी निवडायची, तिचा पत्रा ओढून-दाबून हवा तसा वळवायचा, दिवे, जाळी, हँडल, बंपर एकेक करून बसवायचे आणि मग दशकामागून दशक बाजारात टिकून राहायचे, हे सगळे मी त्याच्या खांद्यावरून कित्येक रात्री पाहिले आहे. पत्र्यावर हात फिरवल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही असे मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पडद्यावरच्या बोनेटची वळणे खरी वाटली, यातच तुमच्या कामाचे मोल आले. खेळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका खेळापुरते नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पुतण्याने खेळात १९५६ साली एक चार दारांची गाडी काढली होती. गोलसर मडगार्ड, फुगीर बोनेट, मागे उतरत जाणारी डिकी. गाडी चांगली खपत होती. मग वर्षे सरकू लागली आणि आठच वर्षांत तिचा खप कोसळला, तोही ती जिथे जिथे विकली जात होती त्या सगळ्या देशांत एकाच वेगाने. कारण म्हणून खेळाने सांगितले की बॉडीचे डिझाइन कालबाह्य झाले आहे. त्या वेळी शटरसमोर एका गिऱ्हाईकाची ॲम्बॅसिडर रंगासाठी उभी होती. पुतण्या तिच्याकडे बघून म्हणाला, "काका, ही एकोणनव्वदची आहे ना? मग हिचा आकार माझ्या छप्पनच्या गाडीसारखा कसा? आणि माझी आठच वर्षांत म्हातारी कशी काय झाली?"

त्याला त्या रात्री मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर बरेच दिवस विचार केला आणि लक्षात आले की हा प्रश्न मुळात तुम्हाला विचारायला हवा.

तुमच्या खेळांत प्रत्येक बॉडीला एक जन्मसाल असते आणि त्या सालापासून तिचे आकर्षण दरवर्षी ठरावीक प्रमाणात घटत जाते. हिशेब सोपा आहे, पण रस्त्यावर तसे घडलेले नाही. कॅलेंडरचे पान उलटले म्हणून बॉडी जुनी होत नाही. तिच्या शेजारी दुसरे कोणी येऊन उभे राहिले की ती जुनी होते, आणि कोणी आलेच नाही तर ती वर्षानुवर्षे तशीच राहते. आमच्या देशाचा सगळा मोटारींचा इतिहास या एका गोष्टीची साक्ष देतो, आणि नेमका तोच तुमच्या हिशेबात बसत नाही.

ॲम्बॅसिडरचेच पाहा. तिची बॉडी मूळची इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची. इंग्लंडात ही मालिका १९५६ साली आली आणि १९५९ साली तिच्या जागी पिनिनफारिना या इटालियन कंपनीने रेखलेली, मागे शेपटासारखे पंख असलेली नवी ऑक्सफर्ड उभी राहिली. म्हणजे तिथे त्या आकाराचे आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे. तोच आकार पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला आणि २०१४ पर्यंत निघत राहिला. मधल्या काळात मार्क २, मार्क ३, मार्क ४ असे बदल झाले, पण ते प्रामुख्याने समोरच्या जाळीचे, दिव्यांचे आणि आतल्या सजावटीचे होते. छत, दारे आणि काचांचा साचा तोच राहिला. एकच पत्रा एका देशात तीन वर्षांत मागे पडला आणि दुसऱ्या देशात अर्धशतकाहून जास्त चालला. दरवर्षी अमुक टक्के घट, या नियमात या दोन्ही गोष्टी एकदम कशा बसवणार?

याचे कारण आमच्या लोकांची आवड मागासलेली होती असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. परवान्यांच्या त्या काळात परदेशी गाडी आणणे जवळजवळ अशक्य होते, देशात कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होते आणि नोंदणी करून गाडी हाती यायला लोक वर्षानुवर्षे थांबत होते. रस्त्यावर ॲम्बॅसिडर, तिच्या शेजारी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि अधूनमधून एखादी स्टँडर्ड. या तिघींतली कोणतीही फारसा आकार बदलत नव्हती, मग जुनी दिसणार तरी कोणाच्या तुलनेत? मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. बारा इंची छोटी चाके, सपाट बाजू, पुढची चाके ओढणारे इंजिन आणि हलका पत्रा. आमच्या वडिलांच्या तोंडून मी ऐकले आहे की गॅरेजमध्ये पहिली मारुती आली, त्या दिवशी शेजारी लावलेली फियाट त्यांना एकदम आपल्या आजोबांच्या वयाची वाटली. आदल्या दिवशी तीच फियाट त्यांना व्यवस्थित वाटत होती. पंचवीस वर्षे थांबलेले वय एका दुपारी अंगावर आले, असे ते म्हणत.

मारुतीचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. १९८६ साली तिची बॉडी बदलली आणि तो दुसरा आकार थोड्याफार डागडुजीवर २०१४ च्या जानेवारीपर्यंत चालला. ज्या गाडीने इतरांना म्हातारे केले, ती स्वतः सत्तावीस वर्षे तशीच विकली गेली, कारण तिच्या किमतीला शेजारी येऊन उभे राहील असे फार उशिरापर्यंत कोणी नव्हते. काँटेसाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिची बॉडी म्हणजे १९७२ सालची इंग्लंडातली व्हॉक्सहॉल व्हिक्टर. तिथे ती १९७८ पर्यंत संपली. आमच्याकडे ती १९८४ मध्ये अवतरली आणि तेव्हा आमदार-खासदारांपासून कारखानदारांपर्यंत सगळ्यांच्या नजरेत ती देशातली सर्वांत ऐटदार गाडी होती. तुमच्या खेळात बारा वर्षांची बॉडी घेऊन बाजारात उतरणारा खेळाडू पहिल्याच वर्षी बुडेल.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की बॉडीचे वय प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळे मोजावे, आणि ते मोजताना त्या बाजारात त्या क्षणी, त्या किमतीच्या आसपास, आणखी कोणकोणत्या बॉडी विकल्या जात आहेत हे आधी पाहावे. ज्या देशात आयातकर भिंतीएवढा उंच आहे तिथे काळ सावकाश सरकू द्या, आणि ज्या वर्षी ती भिंत पडते त्या वर्षी तो एकदम धावू द्या. खेळाडूला हे आधीच ओळखता आले पाहिजे, कारण खरा कारखानदार हाच अंदाज बांधत असतो. शिवाय दुसऱ्या देशात कालबाह्य झालेला साचा विकत घेऊन तिसऱ्या देशात चालवणे, हा जगभर रीतसर चाललेला धंदा होता. त्याला तुमच्या खेळात जागा नाही, याची मला फार चुटपुट लागते.

याची उलटी बाजूही आहे. तुमचे खेळ सगळ्यांत नव्या बॉडीला सगळ्यांत जास्त गुण देतात, पण फार लवकर आलेला आकार लोक नाकारतात हेही वारंवार घडले आहे. १९३४ साली क्रायस्लरने एअरफ्लो काढली. वाऱ्याचा विरोध कमी करणारी गोलाई, दिवे अंगातच बसवलेले. पण गिऱ्हाइकांना ती रुचली नाही, पुढच्याच वर्षी कंपनीला तिचे नाक अधिक नेहमीच्या वळणाचे करावे लागले आणि १९३७ मध्ये ती बंद झाली. १९८२ साली फोर्डने चौकोनी कॉर्टिनाच्या जागी गोलसर सिएरा आणली, तेव्हा इंग्लंडात तिला जेलीचा साचा म्हणून हिणवले गेले, आणि नंतरच्या दहा वर्षांत जवळपास सगळ्यांनी तीच गोलाई उचलली. आकाराला लोकांच्या डोळ्यांत मुरायला वेळ लागतो. नव्या बॉडीचा आलेख पहिल्या वर्षी शिखरावर आणि मग सरळ उतरणीला, असा न ठेवता दोन-तीन वर्षे चढणारा ठेवलात तर धाडस करणाऱ्या खेळाडूला खरा धोका आणि खरे यश दोन्ही अनुभवता येतील.

आता माझ्या हाताखालच्या गोष्टीकडे येतो. त्याच पावसाळ्यात एक पद्मिनी छताच्या कामासाठी आली होती. जुन्या गाड्यांच्या छताच्या कडेने, दारांच्या वर, एक बारीक पन्हळ असते. ती पावसाचे पाणी दारावर पडू नये म्हणून केलेली असते असे सगळ्यांना वाटते, आणि तो उपयोग होतोही. पण मुळात तो सांधा आहे. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा यांच्या कडा बाहेर दुमडून, एकावर एक दाबून त्यांवर स्पॉट वेल्डिंगचे टिपके मारलेले असतात, आणि ती दुमडच वर वळवून पन्हळ केलेली असते. पुतण्याला मी तिथे बोट फिरवायला सांगितले. रंगाखाली मुगाएवढे फुगवटे लागत होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले तर रंगाची खपली निघून आतून तांबडी भुकटी सांडली. सांध्यातले सीलर वाळून तडकले की पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरते आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्रा कोरडा म्हणून होत नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या जुन्या गाड्या आधी इथेच कुजतात. आम्ही वीतभर पन्हळ कापून काढली आणि त्याने तिच्या कापलेल्या कडेचा आडवा छेद पहिल्यांदा पाहिला. मग तो लॅपटॉपवर आपली छप्पनची गाडी फिरवून फिरवून बघू लागला. तिच्या छताला पन्हळच नव्हती. छत बाजूच्या पत्र्यात लोण्यासारखे मिसळले होते, असे १९५६ साली मोठ्या खपाच्या कारखान्यांत सहसा होत नव्हते.

ही बारीकशी रेघ इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण म्हणजे गाडीचे दशक ओळखण्याची तिच्याइतकी भरवशाची खूण मला दुसरी माहीत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाऱ्याचा विरोध कमी करण्याची चढाओढ लागली. १९८२ च्या ऑडी १०० ने काचा पत्र्याच्या पातळीत आणून विरोधाचा गुणांक ०.३० पर्यंत खाली आणला. १९८३ च्या फियाट उनोमध्ये दारे वर छतापर्यंत वळवून पन्हळ दाराखाली लपवली. पुढे सांधा छतावरच्या दोन खोबणींत गेला आणि त्यावर रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी आली, जी आज उद्यमनगरात येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर दिसते. काही गाड्यांत आता लेसरने सांधा असा भरतात की पट्टीचीही गरज उरत नाही. म्हणजे पन्हळ फॅशन म्हणून आली नाही आणि फॅशन म्हणून गेली नाही. पत्रे जोडण्याची पद्धत बदलली म्हणून ती गेली, आणि ती गेल्यावर पन्हळ असलेल्या सगळ्या गाड्या एकदम मागच्या पिढीच्या दिसू लागल्या. तुमच्या खेळांत इंजिनाच्या तंत्राला साल असते, गिअरबॉक्सच्या तंत्राला साल असते. पत्रा जोडण्याच्या तंत्राला तेवढाच मान द्या, आणि बॉडीचा आकार त्या तंत्रातून निघू द्या.

यातून फेसलिफ्टचा मुद्दा निघतो. छताचे आणि दारांचे साचे फार महाग असतात, म्हणून कंपन्या गाडी तरुण करायची तर बंपर, जाळी, दिवे बदलतात आणि मधला भाग तसाच ठेवतात. अपघातात पुढून चेपलेली गाडी आमच्याकडे येते तेव्हा नवे नाक एका आठवड्यात बसते, पण छत चेपले तर मालकाला आम्ही आधी खर्चाचा आकडा सांगतो. गाडीचे खरे वय छतावर आणि काचांच्या चौकटीत लिहिलेले असते, आणि तिचा चेहरा फक्त तिचे सांगायचे वय दाखवतो. तुमच्या खेळात या दोन भागांचे वय वेगवेगळे चालावे. चेहरा लवकर जुना व्हावा आणि थोड्या खर्चात पुन्हा ताजा करता यावा, छत आणि दारे सावकाश जुनी व्हावीत, पण एकदा झाली की कोणत्याही नव्या जाळीने ते झाकता येऊ नये. सध्या नवे दिवे लावले की गाडी पूर्ण तरुण होते, किंवा काहीही केले तरी ती जुनीच राहते. दोन्ही खरे नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे गोल सीलबंद दिवेच लावावे लागत, चौकोनी दिव्यांना तिथे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर परवानगी मिळाली आणि गाडीच्या अंगात मुरलेल्या हव्या त्या आकाराच्या दिव्यांना ऐंशीच्या दशकात. म्हणून १९६७ च्या सित्रोएन डीएसला युरोपात काचेमागे वळणारे दिवे होते आणि अमेरिकेत साधे उघडे. १९७३ पासून बंपरनी ताशी पाच मैलांचा धक्का सोसावा असा नियम तिथे आला आणि एका वर्षात गाड्यांचे चेहरे जड झाले. आमच्याकडे मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ पासून धावत होती. २०१९ मध्ये ती थांबली ती सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे. तिच्या आकाराला कंटाळून गिऱ्हाईक निघून गेले म्हणून ती बंद पडली नाही, हे भाजीवाल्यापासून शाळेच्या व्हॅनवाल्यापर्यंत कोणालाही विचारा. बॉडी कालबाह्य होणे आणि बॉडी बेकायदा होणे, यांत फरक करा.

हवामानाचेही तसेच आहे. पुढच्या दाराची त्रिकोणी काच तुम्ही जुनेपणाची खूण म्हणून गुण कापायला वापरता. ज्या देशात डॅशबोर्डमधून वारा आत घेण्याची सोय आली तिथे ती निरुपयोगी झाली, हे मान्य आहे. पण एसी नसलेल्या गाडीतून मे महिन्यात सांगलीला जाऊन आलेल्या माणसाला ती काच उलटी वळवून तोंडावर घेतलेला वारा आयुष्यभर आठवतो. तिचे गुण उष्ण देशात कापू नयेत.

शेवटचा मुद्दा आलेखाच्या दुसऱ्या टोकाचा आहे. तुमच्या खेळात बॉडीचे आकर्षण शून्याला टेकले की तिथेच पडून राहते. कोल्हापुरात दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते. तीसच्या दशकातली ती गाडी चौकात शिरताच हजारोंच्या गर्दीतून लहान मुले खांद्यांवर उचलली जातात, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या लाखो रुपयांच्या नव्या गाड्यांकडे त्या क्षणी कोणी बघत नाही. तिच्या लांबलचक बोनेटला कोणी कालबाह्य म्हणत नाही. अर्थात याचा भोळा अर्थ काढू नये. बहुतेक बॉडी भंगारात जातात आणि जायलाच हव्यात, आणि जुन्या ॲम्बॅसिडरवर जीव टाकणाऱ्या माणसांनीही २०१० नंतर नवी ॲम्बॅसिडर विकत घेतली नाही. जिव्हाळा आणि खप वेगळे असतात. पण त्या जिव्हाळ्यावर कंपन्या पुढे व्यवसाय करतात. २००१ ची नवी मिनी, २००७ ची फियाट ५००, आणि आमच्याकडे १९९१ च्या टाटा सिएराची मागची वळलेली काच आठवून २०२० च्या ऑटो एक्स्पोत मांडलेली नवी सिएरा, ही त्याचीच उदाहरणे. खेळाडूने चाळीस वर्षांपूर्वी काढलेला एखादा आकार लोकांच्या मनात उरला असेल, तर त्याच रेषांवर नवी बॉडी काढण्याचा हक्क आणि त्याचे फळ त्याला मिळावे. तो आकार किती खपला, किती वर्षे रस्त्यावर राहिला आणि किती गाड्या जगल्या, यावर ते फळ ठरवता येईल. ही माहिती तुमच्या खेळाकडे आधीपासूनच असते.

पद्मिनीच्या पन्हळीचा तो वीतभर तुकडा मी टाकलेला नाही. गंज घासून, कापलेली कडा पॉलिश पेपरने साफ करून तो पुतण्याने टेबलावर ठेवला आहे. त्याच्या जोडीला मारुती ८०० च्या छताचा आणि प्लास्टिकची पट्टी असलेल्या अलीकडच्या एका गाडीच्या छताचा तुकडाही अपघाताच्या कामांतून बाजूला काढला आहे. तिन्हींच्या छेदांची मापे आणि फोटो आम्ही घेऊन ठेवले आहेत. तुमच्यापैकी बॉडीचे आकार घडवणाऱ्या कोणालाही ते हवे असतील तर विनामूल्य पाठवू, आणि आणखी कोणत्या गाडीचा कोणता सांधा पाहायचा आहे ते कळवलेत तर तशी गाडी गॅरेजमध्ये येईल तेव्हा त्या सांध्याचीही मापे घेऊ.

आपला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक डेंटर